कांद्याची चाळ

चैत्र-वैशाखात आपण बाजारात गेलो, तर दुकानदाराने कांद्याच्या ढिगावर पाटी लावलेली दिसते : ‘पाच किलो एकदम घ्या, स्वस्त पडेल.’ हीच पाटी आश्विनात शोधू गेल्यास बहुधा सापडत नाही. दुकान तेच, दुकानदार तोच, तराजूही तोच. मग सहा महिन्यांत असे काय बरे घडते? मुलांनो, याचे उत्तर हवे असेल तर दुकान सोडून नाशिक जिल्ह्यातील लासलगावी गेले पाहिजे.

लासलगावची बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. आज ही कांद्याची फार मोठी बाजारपेठ आहे. सकाळी तेथे ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. व्यापारी एकेका ट्रॉलीजवळ येतात, दोन-चार कांदे उचलून पाहतात आणि क्विंटलचा भाव पुकारतात. क्षणार्धात बोली संपते. चार महिन्यांच्या कष्टांचे मोल एवढ्या थोड्या अवधीत ठरते!

आपल्याकडे कांदा वर्षातून तीनदा निघतो. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा दिवाळीच्या सुमारास येऊ लागतो. त्यामागून रांगडा येतो. हे दोन्ही पाणीदार असल्याने फार दिवस टिकत नाहीत. तिसरा उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात निघतो. त्यात पाणी कमी असते व त्याची मान घट्ट मिटलेली असते; म्हणून तो पाच-सहा महिने राहू शकतो. पावसाळाभर आपल्या ताटात येतो तो मुख्यतः हाच.

तो ठेवण्यासाठी शेतकरी चाळ बांधतो. चाळीचा तळ जमिनीपासून उंच असतो आणि भिंतींच्या पट्ट्यांत फटी राखलेल्या असतात, म्हणजे वारा चोहोंकडून खेळतो. तथापि चाळ म्हणजे काही तिजोरी नव्हे. कांदा सुकतो, सडतो, त्याला कोंब फुटतात. चार-पाच महिन्यांत शंभर किलोंतील तीस-चाळीस किलोही वाया जाऊ शकतात. आज विकावे तर भाव पडलेला. थांबावे तर माल घटणारा! आश्विनातील चढ्या भावात या वाया गेलेल्या कांद्याचेही मोल असते, हे गिऱ्हाइकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

शिवाय पुढचे कोणाला दिसते? २०१९ साली पाऊस लांबला आणि शेतातील लाल कांदा सडला. डिसेंबरात अनेक शहरांत कांदा किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. उलट डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा भाव कोसळले. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. शहरातील गृहिणीला दिलासा मिळाला, तर शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते.

माझ्या वर्गात एका कांदा पिकवणाऱ्या घरचा मुलगा होता. रविवारी तो चाळीत बसून नासके कांदे वेचून काढी. एक राहिला तर शेजारचे दहा नासवतो, असे तो सांगे. एकदा मी त्याला विचारले, “विकावयाची वेळ झाली, हे तुझ्या वडिलांना कसे कळते रे?”

तो म्हणाला, “गुरुजी, दादा रोज संध्याकाळी चाळीत जाऊन नुसते उभे राहतात. वास बदलला, की दुसऱ्या दिवशी गाडी भरतात. मग भाव काहीही असो.”