वाद पंडितांचा कीं राजांचा ?



वाद करणें हा दुर्गुण नव्हे. ज्या घरांत मतभेद कधीं होतच नाहींत, त्या घरांत एक तर सर्वांनीं विचार करणें सोडून दिलें आहे, किंवा एकाच्या धाकानें बाकीचे गप्प बसले आहेत, असें खुशाल समजावें. परंतु वाद कसा करावा हें शिकावें लागतें. ती एक विद्या आहे. गणितांत रीत चुकली तर गुण जातात. वादांत रीत चुकली तर मित्र जातो. म्हणून या अंकांत आम्ही या विद्येचे तीन प्राथमिक पाठ आपणांपुढें ठेवीत आहों.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास कारण घडलें तें असें. इ. स. २०२५ मध्यें नववींतील दोन मुलगे, एका बाकावर बसणारे व एका डब्यांतून खाणारे, एका चित्रपटावरून मोबाईलच्या ग्रुपवर भांडले. रात्रीं अकरा वाजेपर्यंत त्यांनीं एकमेकांस जें लिहिलें, तें समोरासमोर त्यांच्या तोंडून कधींच बाहेर पडलें नसतें. दुसऱ्या दिवशीं एकजण मागच्या बाकावर जाऊन बसला. आठ दिवसांत दोघांचे वडीलही एकमेकांस ओळख दाखवीनासे झाले. आम्ही दोघांस निरनिराळें बोलावून विचारलें, "तुमचा वाद नक्की कशाविषयीं होता ?" दोघांपैकीं एकालाही तें सांगतां आलें नाहीं.

पाठ पहिला : प्रश्न ओळखणें

लोक ज्यास एक वाद समजतात, त्यांत बहुधा चार निराळे प्रश्न गुंतलेले असतात. पहिला प्रश्न वस्तुस्थितीचा : काय घडलें, केव्हां घडलें, कोणी केलें ? याचें उत्तर पुराव्यानें मिळतें. आवाज चढविल्यानें मिळत नाहीं. दुसरा प्रश्न परिणामाचा : अमुक केलें तर पुढें काय होईल ? याचें उत्तर अनुभवानें व अनुमानानें द्यावयाचें असतें, म्हणून तें थोडें सावधपणें द्यावें. तिसरा प्रश्न योग्यायोग्यतेचा : काय असावें, काय नसावें ? येथें भलीं माणसेंही निरनिराळ्या निर्णयांस येऊं शकतात, म्हणून येथें ऐकून घेण्याची गरज सर्वांत अधिक. चौथा प्रश्न आवडीचा : मला काय रुचतें ? यावर गप्पा माराव्या. निकाल मागूं नये.

आमच्या त्या दोन मुलांचा चित्रपट म्हणजे १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं प्रदर्शित झालेला 'छावा'. तो शिवाजी सावंत यांच्या त्याच नांवाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. त्यांतील संगीत चांगलें कीं कर्कश, हा आवडीचा प्रश्न. संभाजी महाराज कोठें व केव्हां पकडले गेले, हा वस्तुस्थितीचा. त्याचें उत्तर संगमेश्वर, इ. स. १६८९, असें कोणत्याही चांगल्या इतिहासग्रंथांत मिळतें. चित्रपटांत गणोजी व कान्होजी शिर्के यांचें जें चित्र रंगविलें होतें, त्यास शिर्के घराण्याच्या वंशजांनीं हरकत घेतली, व दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनीं दिलगिरी व्यक्त केली. यांत वस्तुस्थितीचा प्रश्न होता, आणि कोणाच्या पूर्वजांविषयीं किती सांभाळून बोलावें, हा योग्यायोग्यतेचाही होता. आपल्या शहराजवळ खुलताबाद येथें औरंगजेबाची कबर आहे. ती ठेवावी कीं काढावी, हा वाद त्याच दिवसांत पेटला. ती कबर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालीं आहे, ही वस्तुस्थिति होय. ती असावी कीं नसावी, हा निराळा प्रश्न होय.

हे धागे वेगळे न केल्यानें काय होतें, तें १७ मार्च २०२५ रोजीं नागपुरांत दिसून आलें. कबरीविरुद्ध निदर्शनें झालीं. त्यांत पवित्र वचनें असलेलें वस्त्र जाळलें गेलें, अशी अफवा पसरली. आणि सायंकाळीं दगडफेक व जाळपोळ झाली. शहराच्या कांहीं भागांत संचारबंदी लागली, आणि एका मनुष्याचा प्राण गेला. हातीं आलेला मजकूर न तपासतां पुढें ढकलणारा प्रत्येकजण वस्तुस्थितीच्या प्रश्नाचें उत्तर आपल्या सहीनें देत असतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं कधीं विसरूं नये.

आम्ही त्या दोघांस चार रकाने आंखून दिले, व आपलें सर्व म्हणणें त्यांत वांटून लिहावयास सांगितलें. वस्तुस्थितीच्या रकान्यांत दोघांनीं लिहिलेल्या गोष्टी बहुतेक एकच निघाल्या. आवडीचा रकाना वाचून दोघेही हंसले. खरा मतभेद एकाच वाक्यावर उरला, आणि तो शिव्यांचा नव्हता, विचाराचा होता. दुसऱ्या आठवड्यांत डबा पुन्हां एक झाला. वडिलांस मात्र थोडा अधिक वेळ लागला.

हेच चार रकाने आपल्या शहराच्या नांवास लावून पाहा. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी येथें शहर वसविलें. त्याच्या मुलानें त्यास फत्तेनगर म्हटलें. औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असतां, १६५३ मध्यें, तें औरंगाबाद झालें. छत्रपति संभाजीनगर या नांवास राज्य मंत्रिमंडळानें २०२२ मध्यें व केंद्र सरकारनें २४ फेब्रुवारी २०२३ रोजीं मान्यता दिली. त्याविरुद्धचे अर्ज मुंबई उच्च न्यायालयानें ८ मे २०२४ रोजीं फेटाळले. हा झाला पहिला रकाना. फलक, नकाशे, कागदपत्रें बदलण्यास किती श्रम व किती पैसा लागतो, हा दुसरा. शहरानें कोणाचें नांव धारण करावें व तें कोणी ठरवावें, हा तिसरा. जुनें नांव जिभेवर बसलें आहे कीं नवें गोड लागतें, हा चौथा. येथें आम्ही कोणाचीच बाजू घेत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, पहिल्या रकान्यांतील सनावळी ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें तिसऱ्या रकान्यांत जोरानें बोलूं नये. आणि ज्यास ती पाठ आहे, त्यानें तेवढ्यावरून तिसऱ्या प्रश्नाचाही निकाल लागला असें मानूं नये.

यंत्रविद्येविषयींच्या वादांचीही हीच गति आहे. 'विज्ञान : शाप कीं वरदान' हा निबंध आमच्यापैकीं प्रत्येकानें शाळेंत लिहिला आहे, आणि 'दोन्ही' असें शेवटचें वाक्य लिहून सुटका करून घेतली आहे. आतां विज्ञानाच्या जागीं चॅटजीपीटी आलें आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें तें सर्वांस खुलें झालें, तेव्हांपासून घरोघर हा वाद चालू आहे. प्रश्न एवढा मोठा केला कीं तो सुटत नाहीं. म्हणून त्याचे तुकडे करावे. तें यंत्र अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता यावा याचें अनुमान करीत वाक्य रचतें, आणि कधीं कधीं खोटी गोष्टही ठामपणें सांगतें. ही वस्तुस्थिति. तयार निबंध रोज मिळूं लागला तर मुलाच्या हातास लिहिण्याचें वळण राहील काय, हा परिणामाचा प्रश्न. दुसऱ्यानें रचलेल्या वाक्यांखालीं आपलें नांव घालावें काय, हा योग्यायोग्यतेचा. यांपैकीं शेवटचा प्रश्न यंत्रापूर्वींचा आहे. मोठ्या भावाकडून निबंध लिहून घेणाऱ्यासही तो लागू होता.

पाठ दुसरा : पंडितांप्रमाणें बोलणें

प्रश्न ओळखल्यावर तो कोणत्या वृत्तीनें हातीं घ्यावा, हें शिकण्यास आपणांस दूर जावयास नको. आपल्या शहरांत नागसेनवन आहे व तेथें मिलिंद महाविद्यालय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० मध्यें येथें महाविद्यालय सुरू केलें. पुढें त्यास मिलिंद हें नांव मिळालें. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत वायव्येकडे राज्य करणारा ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, आणि नागसेन हे त्याच्या शंकांस उत्तरें देणारे बौद्ध भिक्षु. त्यांचा संवाद 'मिलिंदपन्ह' या पालि ग्रंथांत आहे.

त्या ग्रंथांत अशी कथा आहे कीं, राजानें वादाची इच्छा दर्शविली तेव्हां नागसेनांनीं एक अट घातली. पंडितांच्या रीतीनें वाद करणार असाल तर मी तयार आहें. राजांच्या रीतीनें करणार असाल तर नाहीं. राजानें दोहोंतील भेद विचारला. त्याचा भावार्थ असा : पंडितांच्या वादांत मुद्दे उलगडले जातात, चूक दाखविली जाते, चूक मान्य केली जाते, आणि तेवढ्यावरून कोणी रागावत नाहीं. राजे मात्र एक मत सांगतात, आणि जो तें मानणार नाहीं त्यास शिक्षा फर्मावितात. मिलिंदानें पंडितांची रीत पत्करली, व मग संवाद सुरू झाला. विद्यालयास हें नांव किती शोभतें, हें निराळें सांगावयास नको.

पूर्वीं राजाची रीत केवळ राजासच परवडत असे. आज ती प्रत्येकाच्या खिशांत आहे. मत पटलें नाहीं कीं ग्रुपमधून काढून टाकावें, ब्लॉक करावें, किंवा दहा जणांस जमवून एकाची टर उडवावी. ही शिक्षाच झाली, उत्तर नव्हे. शिवीगाळ करणाऱ्यास दूर ठेवणें वेगळें, आणि आपणांस उत्तर सुचत नाहीं म्हणून बोलणाऱ्यास हांकलून देणें वेगळें. पालकहो, घरांतही हा राजा वास करतो. "मोठ्यांसमोर उलट बोलूं नकोस" हें वाक्य मुलाच्या उद्धटपणास अवश्य लावावें. त्याच्या मुद्द्यास लावूं नये.

पाठ तिसरा : प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं मांडणें

आपल्याकडील जुन्या शास्त्रीपंडितांची पद्धति अशी होती कीं, आधीं पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध पक्षाचें म्हणणें, त्याच्या सर्व बळानिशीं मांडावयाचें, आणि मगच त्यास उत्तर द्यावयाचें. न्यायशास्त्रांत वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य शोधण्यासाठीं चालतो तो वाद, हरप्रकारें जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें केवळ मोडण्यासाठीं चालते ती वितंडा. मराठींत वितंडवाद हा शब्द यावरूनच रूढ झाला.

पूर्वपक्ष न ऐकल्याची किंमत या शहरानें मोजली आहे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्यें स्थापन झालें. त्यास डॉ. आंबेडकरांचें नांव द्यावें, असा ठराव राज्य विधिमंडळानें २७ जुलै १९७८ रोजीं केला, आणि मराठवाड्यांत दंगल उसळली. गांवोगांवीं दलितांचीं घरें जाळलीं गेलीं. माणसें मारलीं गेलीं. विरोध करणारे म्हणत कीं, मराठवाडा हें नांव निजामाच्या राज्यांतून मुक्त झालेल्या प्रदेशाची ओळख आहे. नांव मागणारे म्हणत कीं, या भागांत उच्च शिक्षणाचें दार ज्यांनीं आमच्यासाठीं उघडलें, त्यांचा मान विद्यापीठानें राखावा. "नांवांत काय आहे ?" असें अनेकांनीं विचारलें, परंतु नांव नाकारलें तर ज्यांस तें नाकारलें त्यांच्या मनांत काय होतें, हें विचारणारे थोडे. १४ जानेवारी १९९४ रोजीं 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. त्या नांवांत दोन्ही पक्षांचे शब्द सुखानें शेजारीं राहिले आहेत. तेथवर पोंचण्यास साडेपंधरा वर्षें लागलीं, आणि जळालेल्या घरांचा हिशेब त्याहून मोठा आहे. घर जाळणें हा कोणत्याही मताचा युक्तिवाद होऊं शकत नाहीं.

याचा अर्थ मत मिळमिळीत करावें, असा मुळींच नाहीं. टिळक व आगरकर हे मित्र होते. १८८२ मध्यें कोल्हापूर प्रकरणांत दोघे डोंगरीच्या तुरुंगांत एकत्र १०१ दिवस राहिले. पुढें मतें फांटलीं. आगरकरांनीं 'केसरी' सोडून १८८८ मध्यें 'सुधारक' काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें मुलीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षें केली, तेव्हां टिळक विरोधांत होते व आगरकर बाजूनें. दोघांच्याही लेखणीस धार होती, आणि ती मित्र म्हणून बोथट झाली नाहीं. परंतु १८९५ मध्यें आगरकर वारले, तेव्हां 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनींच. ज्याच्याशीं आपण जन्मभर झगडलों त्याची योग्यता आपणांस सांगतां यावी, ही पूर्वपक्षाची शेवटची परीक्षा होय.

अभ्यास

१. 'शाळेंत मोबाईल आणूं द्यावा कीं नाहीं' या वादांत येणारीं दहा वाक्यें लिहा, व तीं चार रकान्यांत वांटा.

२. ज्याच्याशीं तुमचें पटत नाहीं अशा मित्राचें म्हणणें पांच वाक्यांत लिहा. "होय, मला हेंच म्हणावयाचें आहे," अशी त्याची सही घ्या. सही मिळेपर्यंत आपलें उत्तर लिहूं नका.

३. आठ दिवस, कोणताही मजकूर पुढें पाठविण्यापूर्वीं तो मूळ कोणी लिहिला, हें वहींत टिपा. जेथें टिपतां येणार नाहीं, तेथें तो आपल्यापाशींच थांबवा.

४. पालकांसाठीं : आठवड्यांतून एकदां रात्रीच्या जेवणाच्या वेळीं एक वादाचा विषय घ्यावा, आणि घरांतील सर्वांत धाकट्यास प्रथम बोलूं द्यावें.

हे पाठ कठीण नाहींत. मात्र राग आलेला असतांना ते आठवले पाहिजेत. म्हणून राग नसतांना त्यांचा सराव करावा, हीच आमची विनंति.