मका, घेवडा व भोपळा यांचें एकत्र पीक

उत्तर अमेरिकेंत हल्लींच्या न्यूयॉर्क संस्थानाच्या मुलखांतील मूळचे रहिवासी हॉडेनोशोनी लोक (बाहेरचे त्यांस इरोक्वा म्हणत) मका, वेलाचा घेवडा व भोपळा हीं पिकें एकाच जागीं घेत आले. त्यांस ते तिघी बहिणी म्हणतात. मका, श्रावण घेवडा व लाल भोपळा आपल्याकडे अमेरिकेंतूनच आले, तेव्हां तेथील रीत पाहणें गैर नाहीं. पीकपाहणींत मिश्र पिकास रकाना असतो खरा, परंतु बाजरींत तूर लिहिण्यास सरावलेल्या हातास हें शेत पाहून थबकावें लागलें असतें!

तीन-चार फुटांवर मातीचे उंचवटे करून प्रत्येकांत मक्याचे चार-पांच दाणे टोकावे. मका वीतभर झाल्यावर बुडाशीं घेवडा टोकावा. भोपळा त्यानंतर आठवड्यानें, मधल्या जागेंत. घेवड्याची घाई केल्यास कोवळा मका त्याच्या वेढ्यानें लोळतो. भोपळ्याच्या पानांनीं जमीन झांकून ओल टिकते व तण दबतें. घेवड्याच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र धरतात. परंतु तें त्याच हंगामांत मक्यास भरपूर मिळतें हें म्हणणें आम्हांस अतिशयोक्तीचें वाटतें. बहुतेक लाभ पाला व मुळ्या कुजल्यावर पुढील पिकास होतो. म्हणून मक्याच्या खतांत काटकसर करूं नये आणि वेल उपटून बांधावर फेंकूं नयेत.

खरी मख्खी रांधण्यांत आहे. हे लोक वाळला मका लांकडाच्या राखेच्या पाण्यांत उकळून, साल सुटल्यावर टोपलींत चोळून धुतात व मग घेवड्याबरोबर मऊ शिजवितात. मेक्सिकोंत राखेऐवजीं चुना घेतात, शंभर भाग मक्यास सुमारें एक भाग. उकळून रात्रभर मुरूं देतात व सकाळीं धुवून वाटतात. मक्यांतील नायसिन नांवाचें जीवनसत्त्व बद्ध असतें, तें या संस्कारानें मोकळें होतें. युरोपीयांनीं दाणा नेला व रीत मागेंच ठेविली. स्पेनांतील अस्तुरियास प्रांतीं १७३५ सालीं गास्पार कासाल या वैद्यास एक नवा रोग आढळला: कातडी काळवंडून फुटते, जुलाब होतात, बुद्धि भ्रमते, शेवटीं मरण. हाच पेलाग्रा. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील मक्यावर राहणाऱ्या गरिबांत तो माजला असतां, त्याचें मूळ निकृष्ट आहारांत आहे हें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं १९१४ पासूनच्या शोधांनीं दाखविलें.

ज्यांच्या घरीं मक्याची भाकरी रोजची आहे त्यांनीं ताटांत घेवडा किंवा डाळ अवश्य ठेवावी. मक्यांत जें प्रथिन उणें तें त्यांत असतें. चुन्याची रीत करून पाहणारानें चुना खाण्याचाच घ्यावा, भिंतीचा नव्हे. आणि भांडें ॲल्युमिनियमचें नसावें, कारण चुना व राख त्यास खातात.