‘ओरिजिनल आहे, दादा’

‘फायर प्रो रेसलिंग’ ज्यांनी खेळलाय त्यांना माझा संताप समजेल. 2001 साली गेमबॉय ॲडव्हान्स बाजारात आला, त्याच वर्षी हा गेमही आला. नुसती बटणं बडवून यात कोणी जिंकत नाही. दोन पैलवान भिडले की नेमक्या क्षणी बटण दाबायचं, आणि सुरुवातीला हलकेच डाव टाकायचे. पहिल्याच मिनिटाला जड डाव टाकायला गेलात की समोरचा तो उलटवून तुम्हालाच आपटतो.

पण खरी चैन एडिट मोडमध्ये. पैलवानाचा चेहरा, पोशाख, डाव सगळं आपण ठरवायचं. कॉम्प्युटरच्या हाती गेल्यावर तो कोणता डाव किती वेळा टाकेल, हेसुद्धा टक्केवारीत! मी खाशाबा जाधव बनवले होते, दारासिंग बनवले होते, त्यांच्याशी लढायला किंगकाँगही. धोबीपछाडच्या जवळ जाणारा डाव यादीत शोधण्यात किती रात्री गेल्या, ते आमच्या घरी विचारा.

एका सकाळी गेम चालू केला तर माझ्या पैलवानांची यादी कोरी.

कॅसेट मी जुनी विकत घेतली होती. विक्रेता पुण्यातलाच. ‘ओरिजिनल आहे, दादा, माझ्या लहानपणीची कॅसेट’ असं त्यानं लेखी कळवलं होतं. सेव्ह होतं का विचारलं, हो म्हणाला. मागच्या बाजूचा फोटो मागितला, तोही पाठवला. गिऱ्हाइकानं आणखी काय विचारायचं असतं? पैसे मिळेपर्यंत मी ‘दादा’ होतो, तक्रार केल्यावर ‘काका’ झालो. ‘काका, वीस वर्षं जुनी वस्तू आहे, बॅटरी उतरली असेल.’

सेव्ह जपणारी कॅसेटमधली बॅटरी उतरते, मान्य. म्हणून ती बदलायला मी खास तीन पात्यांचा स्क्रू-ड्रायव्हर आणला, कारण निन्टेन्डोच्या या कॅसेटींना तसाच स्क्रू असतो. तो बसेचना. कॅसेटचा स्क्रू साधा फुलीचा निघाला! तिथंच पोटात गोळा आला. उघडली तर आतल्या पट्टीवर निन्टेन्डोचं नाव कुठंच नाही आणि चिपच्या जागी डांबरासारखा काळा ठिपका. फोटो पाठवल्यावर साहेबांचं उत्तर, ‘गेम तर तोच चालतो ना?’ त्यानंतर मला ब्लॉकच केलं. चोर तो चोर, वर शिरजोर.

तर घेणाऱ्यांनो, नुसत्या स्टिकरच्या फोटोवर जाऊ नका, स्टिकर कोणीही छापतो. कॅसेटच्या तोंडाशी, जिथं सोनेरी पिना दिसतात, तिथला जवळून काढलेला फोटो मागा. अस्सल असेल तर पिनांच्या वरच पट्टीवर कंपनीचं नाव वाचता येतं. स्टिकर तिरक्या उजेडात धरायला सांगा. कारखान्यात ठशानं उमटवलेला बारीक आकडा त्यावर दबलेला दिसतो. नकलीवर तो बहुधा नसतो. स्क्रूचा फोटो तर आधीच मागा. सेव्ह तपासताना गेम लगेच पुन्हा चालू करून समाधान मानू नका. दोन-तीन दिवस बाजूला ठेवून मग बघा, आणि तेवढी परत करण्याची मुदत पैसे देण्याआधीच लेखी घ्या. शक्यतो समोरासमोर व्यवहार करा. स्वस्त दिसलं की जरा थांबा. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, तरी सांगतो.

आणि एडिट केलेल्या पैलवानांचे डाव, टक्केवारीसकट, वहीत उतरवून ठेवा. माझा दारासिंग आता आठवणीतून जमत नाही, त्याची चाल काही केल्या तशी येत नाही.

नकली गेम विकणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, नकली म्हणून विकला असता तर कदाचित मी घेतलाही असता. त्या गृहस्थाची जाहिरात अजून तशीच आहे, फोटोही तेच. किंमत मात्र वाढवली आहे.