निर्गुडीचा पाला आणि उंदराचा पंजा

गुडघा सुजला की निर्गुडीचा पाला गरम करून बांधावा, हे खेड्यात कोणीही सांगेल. परंतु सूज पाल्याने उतरली की आपोआप, हे ठरवावे कसे? कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि 'आजीचे खरे की पुस्तकाचे?' हे मलाच विचारले जाते.

१९६२ साली विंटर, रिस्ली व नस यांनी एक पद्धत मांडली. समुद्रशेवाळातून काढलेले कॅराजीनन पांढऱ्या उंदराच्या मागच्या पंजात टोचतात. काही तासांतच पंजा सुजतो. तो द्रवात बुडवून किती द्रव वर चढला यावरून सूज मोजतात. टोचण्याआधी एका गटाला वनस्पतीचा अर्क देतात, दुसऱ्याला प्रचलित औषध, तिसऱ्याला नुसते पाणी. खरी मेख या तिसऱ्या गटात आहे. आजीच्या अनुभवात तेवढा एकच गट नव्हता!

श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निर्गुडीच्या ताज्या, जून पानांचा अर्क पाजलेल्या उंदरांची सूज कमी भरली. घरी हे सांगताच आजी म्हणाली, "अरे, पाला पाजतात कुठं? बांधतात!"

मुद्दा बिनतोड आहे. त्यासाठी काही गुडघ्यांना निर्गुडी व काहींना दुसराच निरुपद्रवी पाला, तितकाच गरम करून, बांधून पाहावा लागेल. कारण नुसत्या शेकानेही बरे वाटते. मात्र निर्गुडीचा उग्र वास रुग्णापासून लपवायचा कसा?