फिरती किल्ली-सेवा : एक जोडधंदा

आपल्या मंडळींत जोडधंद्याचा विषय निघाला म्हणजे बोलणे बहुधा पापड-मसाले, शिकवण्या आणि विम्याची एजन्सी एवढ्यावर येऊन थांबते. हातात हत्यार धरावे लागेल असा धंदा सहसा कुणी सुचवीत नाही. वास्तविक आपण बडोदेकर. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या विद्वानाने ते नावारूपास आणले आणि दादासाहेब फाळके जेथे शिकून गेले, त्या शहरातील माणसाला कानशीचे वावडे असण्याचे कारण नाही. ह्या लेखात आम्ही अशाच एका लहान धंद्याचा विचार करणार आहोत. नोकरी सांभाळून, रविवारी व आठवड्यातील दोन संध्याकाळी, सोसायटी-सोसायटीत जाऊन जादा किल्ल्या करून देणे हा तो धंदा होय.

गरज आहे किंवा कसे, ह्याबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. पूर्वी वाड्याला एक दिंडी, एक आडणा आणि घरात कुणी ना कुणी सदैव हजर, असा प्रकार होता. आता नवराबायको दोघे नोकरीला, मुलगा क्लासला, आजोबा बागेत; म्हणजे चौघांना चार किल्ल्या हव्यात. दाराच्या कुलपाबरोबर मिळालेल्या दोन-तीन किल्ल्या पुऱ्या पडत नाहीत. त्यांतली एक हरवली की लगेच काही अडत नाही, म्हणून बाजारात जाणे राहून जाते. अशा राहून गेलेल्या कामासाठी कारागीरच दाराशी आला तर गिऱ्हाईक नाही म्हणत नाही.

धंद्यात पडण्यापूर्वी कुलूप चालते कसे, हे नीट समजले पाहिजे. आपल्या घरांत मुख्यतः दोन जातींची कुलपे आढळतात. पहिली जात लिव्हरच्या कुलपांची. आत पितळेच्या किंवा पोलादाच्या पट्ट्या एकावर एक असतात व किल्लीचे दात त्यांना उचलतात. पट्टी कमी उचलली तर कुलूप उघडत नाही, आणि जास्त उचलली तरीही उघडत नाही. हे दुसरे बंधन रॉबर्ट बॅरन ह्या इंग्रज कारागिराने १७७८ साली घातले आणि तेथून कुलूप खऱ्या अर्थाने कुलूप झाले. दुसरी जात पिनांच्या कुलपांची, जी अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी १८६० नंतरच्या दशकात आजच्या रूपाला आणली. येथे एका पोकळ घरात गोल गाभा बसवलेला असतो आणि वरून स्प्रिंगांनी दाबलेल्या पिनांच्या जोड्या, साध्या कुलपांत बहुधा पाच, त्या गाभ्यात उतरलेल्या असतात. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा नेमका गाभ्याच्या कडेच्या रेषेत येतो आणि गाभा फिरतो. एका जोडीचा सांधा केसभर वर किंवा खाली राहिला की सारे अडते. किल्ली करणे म्हणजे धातू कापणे नव्हे, ही केसभराची रेघ सांभाळणे होय, हे शिकाऊ माणसाने पक्के ध्यानात घ्यावे.

किल्ली कापण्याच्या यंत्रात शेजारी शेजारी दोन वाइस असतात. एकात मूळ किल्ली, दुसऱ्यात कोरी किल्ली. एका बाजूचे पोलादी बोट मूळ किल्लीच्या दातांवरून फिरते आणि त्याच हालचालीने दुसऱ्या बाजूचे कातरचाक कोरी किल्ली कापत जाते. घरच्या विजेवर चालणारी यंत्रे असतात, तशी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारीही मिळतात. फिरत्या माणसाला दुसरी सोयीची. यंत्र चालवणे एका दुपारी येते. तरीही नव्या माणसाच्या किल्ल्या अडतात, आणि त्याची कारणे ठरलेली आहेत. एक म्हणजे किल्ल्या वाइसमध्ये सरळ न बसणे. ज्या किल्लीला खांदा आहे ती खांद्यावर जुळवावी, जिला नाही ती टोकावर जुळवावी. यात अर्धा मिलिमीटर सरकले की सगळे दात अर्धा मिलिमीटर सरकले. दुसरे म्हणजे बोट आणि कातरचाक एका पातळीत नसणे. रोज काम सुरू करताना दोन्ही वाइसमध्ये सारख्याच कोऱ्या किल्ल्या बसवून पाहावे. बोट एकीला टेकताच चाकाने दुसरीला नुसता स्पर्श करावा, कापू नये. तिसरे कारण सर्वांत फसवे. गिऱ्हाइकाने आणलेली किल्ली पुष्कळदा स्वतःच नकलेची नक्कल असते. प्रत्येक नकलेत थोडी चूक भरते व ती पुढच्या नकलेत जमा होते. म्हणून "कुलपाबरोबर आलेली पहिली किल्ली घरात आहे का?" हे आधी विचारावे. ती बहुधा कपाटात, लग्नाच्या अल्बमशेजारी, न वापरता पडलेली असते, आणि म्हणूनच उत्तम असते.

कापून झाल्यावर तारेच्या ब्रशने कीस काढावा व किल्ली प्रत्यक्ष दारात फिरवून द्यावी. दार उघडे ठेवून फिरवावी, हे सांगायला नको. अडली तर पुन्हा थोडे कापता येते. जास्त कापलेली मात्र भंगारात जाते. तेव्हा हात नेहमी कमीकडे असावा. यंत्र चालताना चष्मा घालावा. दुपारी एक ते चार यंत्र लावू नये. वामकुक्षी मोडलेला मनुष्य गिऱ्हाईक म्हणून परत येत नाही.

लिव्हरच्या किल्लीचे काम कानशीचे आहे. मूळ किल्ली नसेल तर जुने कारागीर कोऱ्या किल्लीला दिव्याची काजळी धरून ती कुलपात फिरवतात, आत जेथे घासते तेथे काजळी पुसते आणि तेवढाच भाग कानशीने घासत जातात. ही विद्या पुस्तकाने येणार नाही. फुटपाथवर बसणाऱ्या शिकलगार कारागिरांकडे ती पिढ्यान् पिढ्या आहे, आणि ज्याला शिकायची असेल त्याने त्यांच्यापाशी बसून, त्यांना मोबदला देऊन शिकावी.

आता पैशाचा हिशेब. समजा, यंत्र, बॅटरी, पेटी आणि कोऱ्या किल्ल्यांचा पहिला साठा मिळून २५,००० रुपये घातले, आणि माल व जाण्यायेण्याचा खर्च वजा जाता दर किल्लीमागे २५ रुपये उरले. म्हणजे भांडवल सुटायला १,००० किल्ल्या हव्यात. रविवारच्या वीस आणि दोन संध्याकाळच्या पाच-पाच अशा आठवड्याच्या तीस धरल्या, तर चौतीस आठवडे लागतात. त्यानंतर महिन्याला सुमारे ३,००० रुपये. आकडे ज्याने त्याने आपल्या भागातील दरांप्रमाणे बदलून घ्यावेत. ह्यावर संसार चालणार नाही. मुलीच्या क्लासची फी किंवा वडिलांची औषधे भागतील, आणि ज्या घरात महिन्याची वीस तारीख उलटली की बोलणी कमी होतात, त्या घरात तेवढेही पुष्कळ आहे. खरी गळती कोऱ्या किल्ल्यांत होते. त्यांचे इतके नमुने निघाले आहेत की सगळे ठेवू म्हणणाऱ्याचे पैसे पेटीतच गंजतात. प्रथम आपल्या दोन-चार सोसायट्यांत कोणती कुलपे आहेत ते वहीत टिपावे व तेवढेच नमुने घ्यावेत. चिप बसवलेल्या मोटारीच्या किल्ल्यांच्या नादी सुरुवातीला लागू नये. त्यांना वेगळे यंत्र व वेगळे शिक्षण लागते.

कायद्याची एक बाजू बऱ्याच जणांना ठाऊक नसते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे रस्त्यावर बसण्याचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्याला, आपल्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही, असे लिहून द्यावे लागते. पगारदार माणसाला ते देता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. फुटपाथ ज्याचे पोट त्यावर आहे त्याचा. आपण सोसायटीच्या आवारात, समितीच्या लेखी परवानगीने काम करावे. केंद्र सरकारच्या नोकरांना १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीवाचून धंदा करता येत नाही. इतरांनीही आपल्या नोकरीचे नियम पाहून घ्यावेत.

इतके झाले तरी ह्या धंद्याचे मुख्य भांडवल यंत्र नव्हे. लोक आपल्या घराचे दार काही मिनिटे तुमच्या हातात देतात. १८६० च्या दंडसंहितेत घरफोडीची व्याख्या करताना एक उदाहरण दिले होते : दुसऱ्याची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून कुणी गुन्ह्याच्या हेतूने आत शिरला, तर तीही घरफोडीच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कुलूप उघडून असे शिरणे घरफोडीतच मोडते. कुलूप न मोडता झालेल्या चोरीत संशय प्रथम कुणाकडे वळेल, हे उघड आहे. म्हणून काही पथ्ये अगदी कडक पाळावीत.

किल्ली मालकाच्या डोळ्यांसमोर कापावी. बिघडलेली नक्कलसुद्धा त्याच्याच हातात द्यावी, कारण बिघडलेली किल्ली थोड्या कानशीने चालती होते. वही ठेवावी, तीत तारीख, नाव, फोन आणि किल्ल्यांची संख्या लिहावी. कपाटाच्या किल्लीवर कोरलेला क्रमांक मात्र लिहू नये, तिचे छायाचित्र ठेवू नये. पत्ता आणि किल्लीचा आकार एकाच वहीत आले की ती वही चोराच्या कामाची होते. साबणावर किंवा मेणावर उठवलेल्या ठशावरून किल्ली करून मागणाऱ्यास सरळ नकार द्यावा, मग तो कितीही सभ्य दिसो. फोनवर आलेल्या छायाचित्राचेही तेच. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संगणकशास्त्रज्ञांनी दुरून घेतलेल्या छायाचित्रावरून किल्लीच्या दातांची मापे काढून दाखवली होती, तेव्हा छायाचित्र म्हणजे किल्लीच समजावी. घरकाम करणारी बाई मालकिणीची किल्ली घेऊन आली तर तिच्यावर संशय न घेता, तिच्यासमोरच मालकिणीला फोन करावा. यात तिचेही रक्षण आहे. "किल्ली हरवली, कुलूप उघडून द्या" असे म्हणणाऱ्याच्या ओळखीचा कागद पाहावा आणि सोसायटीच्या समितीतील एक जण उभा असल्याशिवाय हात लावू नये. आठ वर्षांचे शेजारी असले तरी हाच नियम ठेवावा. शेजारी क्षणभर रागावेल, पण दुसऱ्या दिवशी हीच गोष्ट तो चार घरी सांगेल.

ज्यांना हा धंदा करून पाहायचा आहे त्यांनी पहिला महिना दुसऱ्याची किल्ली घेऊच नये. आपल्या व आपल्या नातेवाइकांच्या घरातील जुनी कुलपे गोळा करावीत, एक-दोन खोलून पिना मोजाव्यात, आणि पन्नास कोऱ्या किल्ल्या खर्ची घालाव्यात. शेवटच्या दहापैकी दहा किल्ल्या कानस न लावता फिरल्या, म्हणजे सोसायटीच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावण्यास हरकत नाही.