पाठ अकरावा : जादा तासांचा हिशेब

कापसाचा हंगाम होता. आमच्या रात्रीच्या वर्गाला एक गडी येत असे. दिवसा तो तालुक्याच्या गावी एका जिनिंगात कामाला जाई. एका शनिवारी तो उशिरा आला. खिशातले पैसे काढून त्याने आमच्यापुढे ठेवले. ३२४० रुपये होते.

“गुरुजी, आठवडाभर अंधार पडेस्तोवर राबलो. एवढेच कसे हो झाले?”

आम्ही विचारले, “जादा तास किती झाले, भाऊ?”

“ते मुकादमालाच ठावं. त्यानं सांगितलं, आम्ही अंगठा दिला.”

त्याची बायकोही वर्गाला येते. ती हळूच म्हणाली, “मी लिहून ठेवलंय. ह्यांना रोज विचारायची नि कॅलेंडरावर टाकायची. आकडे शिकले होते ना!”

तिने कॅलेंडराचे पान आणले. आम्ही ते फळ्यावर उतरवले. रोज सकाळी ८ ला आत. मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. ती कामात धरायची नाही.

सोमवार : बाहेर साडेचारला. काम ८ तास.
मंगळवार : बाहेर साडेसहाला. काम १० तास.
बुधवार : बाहेर साडेचारला. काम ८ तास.
गुरुवार : बाहेर साडेसातला. काम ११ तास.
शुक्रवार : बाहेर साडेचारला. काम ८ तास.
शनिवार : बाहेर साडेपाचला. काम ९ तास.

बेरीज झाली ५४ तास.

आता आपण सगळे मिळून हिशेब करू. पाटी घ्या.

पहिली पायरी. रोजचे ८ तास, दिवस सहा. ८ × ६ = ४८. हे नेहमीचे तास. ५४ मधून ४८ गेले, उरले ६. हे जादा तास. यालाच कारखान्यात ओव्हरटाइम म्हणतात.

दुसरी पायरी. एका तासाची मजुरी काढा. या भाऊंचा रोज होता ४८० रुपये. ४८० ला ८ ने भागा. तासाला ६० रुपये आले. महागाई भत्ता वेगळा मिळत असेल, तर तोही रोजात मिळवून मगच भागाकार करा.

तिसरी पायरी. जादा तासाचा दर दुप्पट. ६० ची दुप्पट १२०.

चौथी पायरी. नेहमीचे तास ४८ × ६० = २८८० रुपये. जादा तास ६ × १२० = ७२० रुपये. एकूण ३६०० रुपये.

हातात आले होते ३२४०. म्हणजे ३६० रुपये कमी! मुकादमाने जादा तास एकेरी दराने धरले होते. एका आठवड्याचे ३६०, तर चार आठवड्यांचे १४४०. पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे असे न कळत गेले असते.

दुप्पट दर ही कुणाची मेहेरबानी नव्हे. तो कायदा आहे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारात मजूर खाते पाहत होते. त्या वर्षी बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. १९४८ च्या कारखाने कायद्याने जादा तासाला दुप्पट मजुरी ठरवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. दुप्पट दर त्यांतही आहे. जादा काम मजुराच्या संमतीनेच घ्यावे, आणि मजुरीची चिठ्ठी त्याला द्यावी, असेही त्यांत आहे.

एक चूक पुष्कळांची होते. ती नीट समजून घ्या. वहीत ३.३० लिहिले म्हणजे साडेतीन तास. त्याला ३.३० ने गुणू नका. तीन तासांचे वेगळे काढा, अर्ध्या तासाचे वेगळे काढा. तासाला १२० रुपये, तर अर्ध्या तासाला ६० आणि पाव तासाला ३०. तासात मिनिटे ६०. म्हणून मिनिटाला २ रुपये. वीस मिनिटे जादा थांबलात, तर ४० रुपये तुमचे.

पुढे काय झाले? सोमवारी ते भाऊ कॅलेंडराचे पान घेऊन कचेरीत गेले. एकटे गेले नाहीत. पाळीतले चौघे बरोबर होते. आवाज चढवला नाही. कारकुनाने फाटकावरची वही काढली. तास जुळले. पुढच्या शनिवारी ३६० रुपये मिळाले. त्याआधीच्या आठवड्यांचे मात्र काही जमले नाही. ते तास भाऊंना सांगता येईनात. कुठे लिहिलेलेच नव्हते.

म्हणून आम्ही सांगतो : आत गेल्याची वेळ लिहा, बाहेर आल्याची वेळ लिहा. त्याच दिवशी लिहा. मजुरीची चिठ्ठी मागून घ्या व जपून ठेवा. हिशेब जुळला नाही तर आधी कचेरीत विचारा. तिथे कुणी ऐकले नाही, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या. आणि वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. आता तर तुम्हांला सही येते!

घाम आपला, तर हिशेबही आपल्याला यायला हवा.

सोडवा :
१. एका बाईंचा रोज ४०० रुपये आहे. रोजचे तास ८. सहा दिवसांत त्यांनी साडेबावन्न तास काम केले. त्यांना किती रुपये मिळावेत? (उत्तर : २८५० रुपये)
२. जेवणाची सुट्टी कामाच्या तासांत धरतात काय?
३. तुमच्या घरी कोण मजुरीला जाते? त्यांचे या आठवड्याचे तास वहीत लिहा.