शुश्रूषा केंद्र कसं पारखाल?

आईला अर्धांगवायूचा झटका आला, हॉस्पिटलमधून सुट्टी मिळतेय आणि घरी चोवीस तास करणारं कुणी नाही. जळगावातलं एक आणि धुळ्यातलं एक केंद्र तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. चला, सोबतच पारखू. भरिताचं वांगं आपण नुसत्या चकाकीवर घेत नाही, हातात तोलून घेतो. इथंही तेच करायचं.

सोबत घ्या: वही-पेन, डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी आणि घरातलं आणखी एक माणूस. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं बघायचं.

वेळ: दोन फेऱ्या, वेगवेगळ्या दिवशी.

घरून निघण्याआधी

1. आईच्या गरजा लिहून काढा. नाकातली नळी, लघवीची नळी, इन्सुलिन, ऑक्सिजन, कूस बदलणं, भरवणं: जे लागतं ते सगळं. यादी सुट्टी देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. ‘थोडी काळजी लागते’ असं मोघम लिहू नका. पुढं प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे लागतात.

2. केंद्राला फोन करून एकच विचारा: “महिनोन् महिने पेशंट ठेवता का?” पाटीवर ‘नर्सिंग होम’ असलं तरी आपल्याकडे ते बहुधा छोटं हॉस्पिटल असतं. आणि साध्या वृद्धाश्रमात नळीचा पेशंट घेतीलच असं नाही.

3. पहिली फेरी दुपारी 12 ते 2 मधली ठरवा. जेवण आणि ऊन, दोन्ही एकदम दिसतात. “सकाळी 10 लाच या” असा फार आग्रह झाला तर वहीत टिंब मारा.

पहिली फेरी

4. आत शिरताच भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र वाचा. शुश्रूषेसाठी पेशंट ठेवणाऱ्या जागेला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 खाली नोंदणी लागते. नाव, खाटांची संख्या आणि मुदत पाहा. “रिन्यूअलला दिलंय” म्हणाले तर अर्जाची पोच मागा.

5. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद शोधा. 2021 च्या सुधारित नियमांप्रमाणे दोन्ही दर्शनी भागात लागतात. कपाटातून काढून दाखवली तर समजून जा.

6. ऑफिसात बसण्याआधी वॉर्डात चला. चहा नंतर. आधी ऑफिसात बसलात तर तेवढ्यात वॉर्ड आवरला जातो.

7. दारात उभं राहून वास घ्या. एखाद्या खाटेपाशी लघवीचा वास आला तर चालतं, दहा मिनिटांनी पुन्हा बघा. सगळ्या वॉर्डात मुरलेला वास चालत नाही. फिनेलचा उग्र भपकाही शंकेचाच.

8. पेशंटची नखं, ओठ आणि पाण्याचा पेला बघा. नखं कापलेली, ओठ ओले, पेला हाताच्या अंतरावर हवा. पेला दूर टेबलावर असेल तर अर्धांगाच्या माणसाला तो असून नसल्यासारखा.

9. लघवीची पिशवी कुठं टांगलीय ते पाहा. ती कमरेच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. तुडुंब भरलेली पिशवी म्हणजे सिस्टर बराच वेळ फिरकलेल्या नाहीत.

10. कूस बदलण्याचा तक्ता मागा. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात आणि वेळ लिहून सही करतात. दुपारी 1 वाजता संध्याकाळच्या 6 ची सही दिसली? वही मिटा, दुसरं केंद्र बघा.

11. एका पेशंटला भरवताना पाहा. डोक्याकडची बाजू उंच हवी आणि भरवून झाल्यावरही निदान अर्धा तास तशीच. आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

12. औषधांचं कपाट उघडायला सांगा. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा डबा आणि इन्सुलिन फ्रिजमध्ये हवं. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. सगळ्यांच्या गोळ्या एकाच ट्रेमध्ये दिसल्या तर तिथंच थांबा.

13. कूलरसमोर हात धरा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो, तिथं नुसता पंखा पुरत नाही. कूलरमध्ये पाणी आहे ना, आणि लाईट गेल्यावर तो इन्व्हर्टरवर चालतो का, हेही विचारा. बऱ्याचदा इन्व्हर्टरवर फक्त दिवे असतात!

14. आता ऑफिसात बसून रात्रपाळीची माणसं विचारा. सिस्टर किती आणि मावशी किती, दोन आकडे वेगळे लिहा. “स्टाफ भरपूर आहे” हे उत्तर नव्हे.

15. अत्यवस्थ झाल्यास पेशंट कुठं नेणार, ते विचारा. जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळ्यात भाऊसाहेब हिरे महाविद्यालय, की एखादं खासगी: नाव आणि गाडीची सोय ठरलेली हवी. “108 ला फोन करू” एवढंच पुरत नाही. गाडी येईपर्यंत ऑक्सिजन कोण लावणार?

16. आईची बोली समजणारं कुणी आहे का, ते बघा. आई अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलत असेल, तर दुखतंय कुठं हे ती त्याच बोलीत सांगणार.

दुसरी फेरी

17. न कळवता रात्री 8 च्या सुमारास जा. भेटीची वेळ संपली म्हणून दारातच अडवलं तर रागावू नका. दारातूनच सिस्टर हजर आहे का ते विचारा.

18. बाहेर भेटणाऱ्या नातेवाइकांना एकच विचारा: “इथं आल्यावर जखम झाली का?” “कसं आहे?” विचारलंत तर “बरं आहे” एवढंच ऐकाल.

ठरवताना

19. दोन्ही केंद्रांची पानं शेजारी ठेवा. नोंदणी, कूस बदलण्याचा तक्ता, औषधं आणि रात्रीची सिस्टर, या चारांपैकी एक जरी कच्चं असेल तर ते केंद्र काढून टाका. बागबगीचा आणि टीव्हीला गुण देऊ नका.

20. खर्च लेखी घ्या. डायपर, फिजिओथेरपी, ऑक्सिजन, डॉक्टरांची भेट आत की वेगळी, आणि अनामत कधी परत, हे सगळं सहीनिशी हवं.

21. आधी पंधरा दिवसांसाठीच ठेवा. वर्षाचे पैसे एकदम भरलेत तर सोडताना अडकाल.

22. दाखल करताना सिस्टरसमोर आईची पाठ, माकडहाड आणि टाचा तपासून नोंद करून घ्या. नाहीतर पुढं “जखम घरूनच आली” असं ऐकावं लागेल.

23. प्रत्येक भेटीत त्याच जागा पुन्हा पाहा. लालसर जागा बोटानं हलकेच दाबा. दाबूनही फिकी पडली नाही तर जखमेची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून तिथं गरम किंवा कडक लागतं का तेही बघा. चोळू मात्र नका, कातडी सुटते.

24. काही खटकलं तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन 14567 लावा. नोंदणी असलेल्या केंद्राची तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडेही करता येते. तोंडी बोलून परत येऊ नका; पोच नसलेली तक्रार दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.